औषधांचा डबा आणि सोमवारची गोळी

गेल्या पावसाळ्यातील एका बुधवारी सकाळी माझ्या दवाखान्यात एक निवृत्त शिक्षक आले. वय चौऱ्याहत्तर. गावातील निम्म्या माणसांना त्यांनी गणित शिकवलेले असल्याने आम्ही सारे त्यांना गुरुजीच म्हणतो. सोबत त्यांची सून होती. तक्रार अगदी साधी होती. "डॉक्टर, तोंड आलंय. तिखटाचं सोडा, कोमट चहासुद्धा सोसत नाही." मी जीभ पाहिली, गालांच्या आतील व्रण पाहिले, जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि तोंडात लावायचे मलम लिहून दिले, ताक-भात खाण्यास सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. या साऱ्याला पाच मिनिटेही लागली नसतील. आजचा लेख त्या पाच मिनिटांविषयी आहे.

गुरुजींना बरीच वर्षे आमवात आहे. वयानुसार सांधे झिजतात तो हा विकार नव्हे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, तो हा आजार. शहरातील संधिवाततज्ज्ञांनी त्यांना मेथोट्रेक्सेट सुरू केले होते. दहा मिलिग्रॅमची एक गोळी, आठवड्यातून एकदा, दर सोमवारी. उरलेले सहा दिवस फॉलिक अॅसिडची एक गोळी. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळ्या. हा सारा हिशेब काकूंच्या, म्हणजे गुरुजींच्या पत्नीच्या डोक्यात पक्का होता. मात्र मुलीच्या बाळंतपणासाठी काकू दीड महिन्याकरिता नागपूरला गेल्या. जाताना त्यांनी सुनेला सारे समजावून सांगितले. सुनेने मन लावून ऐकले. तरीही दोन पिवळ्या गोळ्यांची अदलाबदल झाली. सोमवारी फॉलिक अॅसिड आणि उरलेले सहा दिवस मेथोट्रेक्सेट.

बुधवारी गुरुजी माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या पोटात मेथोट्रेक्सेटच्या आठ गोळ्या गेलेल्या होत्या. रविवारी रात्री त्यांना पुन्हा आणले. अंगात सणकून ताप होता, हिरड्यांतून रक्त येत होते, दंडावर कुठे मार लागलेला नसताना काळेनिळे डाग उमटले होते. सूनबाईंनी या वेळी, कोणी न सांगता, घरातील औषधांचा डबाच पिशवीत घालून आणला होता. मी तो टेबलावर ओतला आणि गोळ्या मोजल्या. चौदा दिवसांत दोन गोळ्या जायला हव्या होत्या. गेल्या होत्या बारा. जवळजवळ तीन महिन्यांची औषधे दोन आठवड्यांत संपली होती.

गुरुजींना त्याच रात्री शहरातील मोठ्या रुग्णालयात हलवले. त्यांच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स धोक्याच्या पातळीच्याही खाली गेल्या होत्या. फॉलिनिक अॅसिड हा या औषधावरचा उतारा. तो त्यांना मिळाला, प्रतिजैविके मिळाली, रक्तघटक द्यावे लागले. सतरा दिवसांनी ते घरी परतले. ते आज आपल्यात आहेत, हे मी प्रथमच सांगून टाकतो. अन्यथा हा लेख लिहिण्याचे धैर्य मला झाले नसते.

बुधवारी मी एवढेच विचारायला हवे होते : "गुरुजी, सध्या कोणकोणत्या गोळ्या घेता? डबा दाखवा बरे." मला त्यांचा आमवात ठाऊक होता, त्यांचे औषधही ठाऊक होते. तरीही ते 'तोंड येणे' मी निराळे पाहिले आणि ते औषध निराळे ठेवले. दोहोंची सांगड घातली असती, तर चार दिवस आणि चार गोळ्या वाचल्या असत्या.

विषबाधा म्हणजे काय?

'विषबाधा' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर कीटकनाशकाची बाटली, सापाचा दंश किंवा लग्नातील शिळे जेवण येते. गुरुजींच्या घरी यांपैकी काहीही नव्हते. होते ते तज्ज्ञाने विचारपूर्वक दिलेले, वर्षानुवर्षे गुण देत आलेले एक चांगले औषध. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने सांगून ठेवले आहे, की प्रत्येक पदार्थ विषच असतो आणि तो विष ठरतो की नाही, हे केवळ त्याची मात्रा ठरवते. विषशास्त्राची सारी इमारत आजही याच विचारावर उभी आहे. आपल्याकडील वैद्यांनीही औषधाला 'मात्रा' म्हटले, ते उगीच नव्हे.

मेथोट्रेक्सेट हे वेगाने विभागणाऱ्या पेशींना लगाम घालते. आठवड्यातून एकदा घेतल्यास प्रतिकारशक्तीचा अतिरेक आवरला जातो आणि मधल्या दिवसांत शरीराला सावरण्यास अवधी मिळतो. तेच रोज घेतले, तर हा अवधीच उरत नाही. आपल्या शरीरात सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशी म्हणजे तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि हाडांतील रक्त तयार करणारा मगज. म्हणून प्रथम तोंड येते, कधी जुलाब होतात आणि त्यामागोमाग रक्तपेशी घटतात. तोंडातील ते व्रण म्हणजे शरीराने वाजवलेली धोक्याची घंटा होती.

ही चूक केवळ आपल्या गावातील एका घरात घडली, असेही नाही. आठवड्याची गोळी रोज घेतली जाण्याचे प्रकार जगभर इतके घडले, की २०१९ मध्ये युरोपीय औषध संस्थेने या औषधाच्या वेष्टनावर 'आठवड्यातून एकदाच' हे ठळकपणे दिसावे, गोळ्या बाटलीऐवजी पाकिटातून मिळाव्यात आणि रुग्णाजवळ सूचनापत्रक असावे, अशी पावले सुचवली. जेथे औषधविक्रीची शिस्त कडक आहे, तेथेही ही वेळ आली. आपल्याकडे तर दुकानदार गरजेपुरत्या गोळ्या कात्रीने कापून देतो आणि त्या तुकड्यावर औषधाचे नावच काय, मुदतीची तारीखही उरत नाही. गुरुजींच्या डब्यातील फॉलिक अॅसिडचा तुकडा तसाच निनावी होता.

वृद्ध शरीर आणि औषधाची मात्रा

एकच गोळी तरुणाला पेलते आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पेलत नाही, यामागे कारणे आहेत. बहुतेक औषधे यकृतात मोडली जातात किंवा मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. वाढत्या वयाबरोबर मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती हळूहळू कमी होत जाते आणि औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते. येथे एक फसगत होते. रक्तातील क्रिएटिनिन हे स्नायूंतून येते. कृश वृद्धांचे स्नायूच कमी झालेले असल्याने त्यांचे क्रिएटिनिन कागदावर ठीकठाक दिसते आणि मूत्रपिंड मात्र निम्म्या बळाने काम करत असते. म्हणून वय धरून काढलेला मूत्रपिंडाच्या क्षमतेचा आकडा डॉक्टरांना अवश्य विचारा. जुलाब, उलट्या, ताप किंवा उन्हाळ्यात पाणी कमी पिणे यांमुळे ही क्षमता दोन दिवसांतही ढासळते आणि कालपर्यंत योग्य असलेली मात्रा आज जास्त होते.

दुसरे कारण असे, की वृद्धांमधील विषबाधा विषबाधेसारखी दिसत नाही. आजोबा दिवसभर झोपून राहतात, बोलताना अडखळतात, आजी चालताना तोल जाऊन पडतात, जेवण नकोसे होते. घरातील मंडळी म्हणतात, "आता वय झालं." डॉक्टरही कधीकधी तेच म्हणतात. म्हणून एक सवय लावून घ्या. वृद्ध माणसात काही दिवसांत नवा बदल दिसला, की वयाला दोष देण्यापूर्वी औषधांच्या डब्यात डोकवा. गेल्या महिन्यात कोणते औषध नव्याने सुरू झाले? कोणते वाढवले? डबा कोण भरते आणि ती व्यक्ती बदलली आहे का?

डब्यातील काही परिचित गोळ्या

मधुमेहाच्या गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइड आणि ग्लिबेनक्लामाइड या गटातील गोळ्या चुकून दोनदा घेतल्या, किंवा गोळी घेऊन जेवण टळले, तर रक्तातील साखर फार खाली जाते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, बेशुद्धी, असा तो क्रम. शुद्धीवर असलेल्या माणसाला साखरपाणी द्यावे. तो पाच-दहा मिनिटांत टवटवीत होतो आणि सारे निर्धास्त होतात. खरा धोका येथेच आहे. साखरेचा परिणाम लवकर ओसरतो. गोळीचा अंमल मात्र, विशेषतः मूत्रपिंड दुबळे असेल तर, चोवीस तास आणि त्याहूनही अधिक काळ टिकतो. साखर पुन्हा उतरते, तीही अनेकदा मध्यरात्री, सारे झोपलेले असताना. म्हणून अशा रुग्णाला बरे वाटल्यावरही रुग्णालयात नेऊन देखरेखीखाली ठेवावे लागते.

हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या डिगॉक्सिन या औषधाची उपकारक मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर अगदी थोडे असते. आपल्याकडे बरेच डॉक्टर ते आठवड्यातून पाचच दिवस घेण्यास सांगतात; दोन दिवसांची सुटी विसरली जाते. अन्न नकोसे होणे, मळमळ, नाडी मंद होणे, वस्तू पिवळसर दिसणे ही त्याची लक्षणे. मळमळीसाठी पित्ताची गोळी घेऊन स्वस्थ बसू नका.

पॅरासिटामॉल तर प्रत्येक घरात असते. तापाची एक गोळी, सर्दीची दुसरी, अंगदुखीची तिसरी. नावे तीन, परंतु तिन्हींत पॅरासिटामॉलच. निरोगी प्रौढासाठीही दिवसाला चार ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे; कृश वृद्धांसाठी आणि यकृताचा विकार असलेल्यांसाठी ती त्याहून कमी. याचे विष फसवे असते. पहिला दिवस जवळजवळ काहीच होत नाही, झाली तर थोडी मळमळ. यकृताची हानी दोन-तीन दिवसांनी उघड होते. एन-अॅसिटिलसिस्टीन हा त्यावरील उतारा पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वाधिक गुणकारी ठरतो. म्हणून 'काही झाले तर जाऊ' हा विचार येथे चालत नाही. काही न होतानाच जायचे असते.

आजोबांची गोळी, नातवाचा घास

सुटीत नातवंडे येतात. आजोबांच्या उशाशी गोळ्यांचा डबा असतो, आजीच्या पिशवीत कापूर असतो, पलंगाखाली गुडघ्याला चोळायचे तेल असते. दोन वर्षांच्या मुलाला रंगीत गोळी आणि लिमलेटची गोळी यांतील फरक कळत नाही. त्यातून आपणच त्याला औषध देताना "गोळी घे, चॉकलेट आहे" असे सांगितलेले असते. मधुमेहाच्या वर उल्लेखिलेल्या गटातील एक गोळीही एवढ्या मुलाची साखर धोकादायकरीत्या उतरवू शकते. नसांच्या वेदनेसाठी किंवा झोपेसाठी दिली जाणारी अॅमिट्रिप्टिलिनची मोजकी एक-दोन गोळ्यांची मात्राही लहानग्याच्या हृदयाचा ठोका बिघडवू शकते. विंटरग्रीनच्या तेलात अॅस्पिरिनच्या जातीचे द्रव्य अतिशय तीव्र प्रमाणात असते. त्याचा एक चमचा घोट लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. कापूर खाल्ल्यास काही मिनिटांत आकडी येऊ शकते. यांपैकी काही पोटात गेल्याची केवळ शंका असली, तरी वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्या.

आणखी एक विनंती. रॉकेल, फिनेल, शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल, यांपैकी काहीही पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरू नका. मोतीबिंदू झालेल्या आजोबांना रात्री तहान लागली, तर त्यांचा हात सवयीने बाटलीकडेच जाणार.

पहिली दहा मिनिटे

समजा, प्रसंग ओढवलाच. पोटात विष गेले, की ते ओकून काढायचे, ही समजूत आपल्या मनात फार खोल रुजली आहे. मिठाचे पाणी पाजणे, घशात बोटे घालणे, मोहरीचे पाणी, कच्ची अंडी, तूप, असे अनेक उपाय शेजारीपाजारी सुचवतात. हे करू नका, असे मी हात जोडून सांगतो. आम्ल किंवा क्षार पोटात जाताना अन्ननलिका एकदा भाजलेली असते. उलटी होताना ती दुसऱ्यांदा भाजते. रॉकेल उलटीवाटे श्वासनलिकेत गेले, तर थोडेसेही फुप्फुसाला गंभीर इजा करते. गुंगीतील माणसाची उलटी श्वासात अडकते. जास्त मिठामुळे रक्तातील सोडियम वाढून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेली आहेत. तूप-दुधासारख्या स्निग्ध पदार्थांबरोबर काही विषे उलट अधिक वेगाने शोषली जातात.

मग करायचे काय? माणूस शुद्धीवर असेल, तर तोंडात उरलेली गोळी किंवा द्रव थुंकून टाकण्यास सांगून चूळ भरू द्या. गुंगीत असेल, पण श्वास नीट चालू असेल, तर त्याला डाव्या कुशीवर वळवा आणि तोंडाने काहीही देऊ नका. डोळ्यांत काही उडाले असल्यास स्वच्छ पाण्याच्या धारेने पंधरा ते वीस मिनिटे डोळे धुवा. अंगावर कीटकनाशक सांडले असल्यास कपडे काढून त्वचा साबण-पाण्याने धुवा. हे करताना स्वतःच्या हातांत मोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घाला. बंद न्हाणीघरात गॅसच्या गीझरमुळे किंवा बंद खोलीतील शेगडीमुळे कोणी कोसळले असल्यास प्रथम दारे-खिडक्या उघडा, गॅस बंद करा आणि माणसाला मोकळ्या हवेत आणा. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. सोडवायला गेलेला माणूसही त्याला बळी पडतो. श्वास थांबत असेल, आकडी येत असेल किंवा माणूस बेशुद्ध असेल, तर तत्काळ १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

रुग्णालयात सक्रिय कोळसा नावाचे काळे औषध देतात. ते पोटातील काही विषे धरून ठेवते आणि साधारण पहिल्या तासाभरात दिल्यास उपयोगी पडते. आम्ल, रॉकेल आणि लोहाच्या गोळ्या यांवर त्याचा उपयोग नाही. चुलीतील कोळसा किंवा करपलेली पोळी म्हणजे ते औषध नव्हे. ते कोणाला द्यावे, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

डॉक्टरांना हवी असलेली माहिती

विषबाधेच्या रुग्णासमोर उभा असलेला डॉक्टर एका अर्थी आंधळा असतो. आजाराचा इतिहास त्याला तुमच्याकडूनच कळतो. काय घेतले, किती घेतले, केव्हा घेतले, ते एकदाच की काही दिवस सलग, आणि तेव्हापासून काय काय झाले, ही पाच उत्तरे तयार ठेवा. रुग्णाचे वय, अंदाजे वजन, जुने आजार आणि चालू औषधे यांचीही त्यात भर घाला. रिकामे पाकीट, बाटली, उरलेल्या गोळ्या, जे हाताला लागेल ते पिशवीत घालून सोबत आणा. "पांढरी गोळी होती" यावरून आम्हाला काहीच बोध होत नाही. बाटलीवरील अर्धवट फाटलेला कागदही पुष्कळ काही सांगतो. नेमकी वेळ ठाऊक नसेल, तर "दुपारी चार वाजता ते बरे होते, सहा वाजता असे दिसले" एवढे सांगा. अंदाजाला अंदाजच म्हणा.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र कार्यरत आहे. त्याचा निःशुल्क क्रमांक १८००-११६-११७ असा आहे. ही सेवा अहोरात्र चालते आणि डॉक्टरांप्रमाणेच सामान्य नागरिकांनाही मार्गदर्शन करते. माझ्यासारख्या गावातील डॉक्टरला एखादे अनोळखी रसायन समोर आल्यावर तेथे विचारण्यात काडीचाही कमीपणा वाटत नाही. हा क्रमांक आजच भ्रमणध्वनीत साठवून ठेवा. मात्र रुग्ण अत्यवस्थ असेल, तर फोन करण्यात वेळ न दवडता आधी रुग्णालय गाठा.

एक गोष्ट जड अंतःकरणाने लिहितो. कधीकधी वृद्ध माणसाने गोळ्या चुकून घेतलेल्या नसतात. एकटेपण, दीर्घ दुखणे, जोडीदाराचे जाणे यांनी खचलेला माणूस तसे करून बसतो. घरचे लोक पोलिसांच्या आणि लोकांच्या भीतीने "चुकून घेतल्या" असे सांगतात, मात्रा कमी सांगतात, वेळ बदलून सांगतात. कृपा करून डॉक्टरांना खरे सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा व्यक्तीला, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र मानसिक ताणाखाली असलेली मानले आहे. तिला शिक्षा न करता तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. आणि घरातील कोणी "आता पुरे झालं जगणं" असे वारंवार म्हणू लागले, तर त्या बोलण्याला वयाचा वैताग समजू नका. त्यांच्याजवळ बसा, औषधांचा डबा आपल्या ताब्यात ठेवा, डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.

रविवारचा अर्धा तास

गुरुजींच्या प्रसंगानंतर मी माझ्या प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या घरी एक प्रथा सुरू करण्यास सांगतो. रविवारी, चांगल्या उजेडात, चष्मा लावून, घरातील दोन माणसांनी डबा उघडायचा. एकाने पाकिटावरील नाव मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहायचे. सात खणांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरायच्या. मुदत संपलेली, बंद केलेली, कोणाची हे न आठवणारी औषधे बाजूला काढायची. नावाचा भाग कापला गेलेला तुकडा दुकानदाराकडून घ्यायचाच नाही. "नाव असलेलाच भाग द्या" असे सांगायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी इतर औषधांत न ठेवता वेगळ्या पाकिटात ठेवायची आणि त्यावर वार पूर्ण अक्षरांत लिहायचा. 'सो.' नव्हे, 'सोमवार'. आणि ती कशासाठी आहे, तेही लिहायचे.

सर्व औषधांची एक यादी कागदावर लिहून दारामागे चिकटवा आणि तिची एक प्रत पाकिटात ठेवा. आयुर्वेदिक चूर्णे, जोडीदाराच्या डब्यातून उसन्या घेतलेल्या गोळ्या, परदेशातून मुलाने पाठवलेल्या जीवनसत्त्वांच्या बाटल्या, हेही त्यात लिहा. कोणत्याही डॉक्टरकडे जाताना, अगदी दात दुखला म्हणून जातानाही, ती यादी पुढे करा. डॉक्टर घाईत असेल, तर त्याला थांबवा. मी त्या बुधवारी घाईत होतो. कोणी डबा पुढे केला असता, तर मी थांबलो असतो.

डबा भरणारी व्यक्ती बदलते, तो काळ सर्वांत जोखमीचा असतो. आजी गावाला जाते, सून माहेरी जाते, काळजीवाहक बाई बदलतात, रुग्णालयातून घरी सोडतात. अशा वेळी तोंडी निरोपावर विसंबू नका. जुन्या व्यक्तीने नव्या व्यक्तीकडून एक आठवड्याची डबी आपल्या डोळ्यांदेखत भरवून घ्यावी. या कामाला फारतर पंधरा मिनिटे लागतील.

गुरुजी घरी परतल्यानंतर काही दिवसांनी त्यांची सून एकटीच दवाखान्यात आली. बराच वेळ गप्प बसून राहिली आणि मग म्हणाली, "डॉक्टर, माझ्याच हातानं मी त्यांना रोज ती गोळी दिली. आता औषधाला हात लावायला भीती वाटते." मी तिला म्हणालो, "ताई, गोळ्या तुम्ही दिल्यात, पण तोंड पाहून घरी मी पाठवलं. दुकानदारानं नाव कापलं. चिठ्ठीवर वार होता, तो इंग्रजीत आणि किरट्या अक्षरात. एवढ्या जणांची चूक तुम्ही एकट्यानं वाहू नका. आणि तो डबा घेऊन आला नसता, तर मला आजही काही कळलं नसतं." ती रडली. नंतर तिने पिशवीतून नवी चिठ्ठी काढली आणि एकेक नाव मला मोठ्याने वाचून दाखवले. मी ताडून पाहिले.

गुरुजींच्या अंगात पूर्वीचे बळ अजून आलेले नाही. जिना चढताना ते मध्ये थांबतात. आमवाताचे औषध तज्ज्ञांनी बदलून दिले आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या सुरेख अक्षरात एक तक्ता लावला आहे. त्यात वार, वेळ, गोळीचे नाव आणि ती कशासाठी, असे चार रकाने आहेत. प्रत्येक गोळीपुढे देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने बरोबरची खूण करायची, असा त्यांचा दंडक आहे. काकू नागपूरहून परतल्या, तरी तो तक्ता उतरलेला नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल, त्यानंतरच्या रविवारी तुमच्या घरचाही डबा खाली काढा. त्यात एखादी निनावी गोळी सापडली, तर ती पाकिटासह घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि ती कोणती, कशासाठी, किती आणि केव्हा, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.